दोरी

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये
चार नंबर लाइनीवर एक दोरी लोंबते.
लाल, नायलॉनची, डोक्यापासून वीतभर वर.
ओढली की दिवा लागतो, पट्टा थांबतो
आणि फळ्यावर तुमचं नाव येतं
खडूनं, मिनिटांसकट.

मी लागलो तेव्हा ती नवी कोरी होती.
सात वर्षांनीही नवी कोरीच.
फक्त गाठीवर धूळ.

आता रंगनाथ तिडके घ्या.
पवननगरच्या बाजारात मेथीच्या जुडीत
एक काडी पिवळी निघाली
तर अख्खी पाटी उपसायला लावणारा माणूस.
दोन रुपयांसाठी रिक्षावाल्याशी भांडून
त्रिमूर्ती चौक गोळा करणारा.
त्याच्या पुढ्यातून ढिल्या स्क्रूचा स्विच गेला.
त्यानं पाहिला, मी पाहिला,
पलीकडून सुमन धात्रकनंही पाहिला.
मग तिघांनी एकदमच
दुसरीकडे पाहिलं.
"पुढं तपासतात ना," तो म्हणाला.

पुढं मीच होतो.

दरसाल नवी पोरं यायची,
इस्त्रीच्या शर्टातली, डिप्लोमा झालेली.
पहिल्या आठवड्यात एखाद्याचा हात वर जायचा.
त्याला कोणी रागवायचं नाही.
चहाच्या सुट्टीत बाकावर
त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची,
बस.
दिवाळीपर्यंत पोरगं मान खाली घालून
भराभर बोटं चालवायला लागायचं.
हात बसला याचा, म्हणायचो आम्ही
आणि कौतुकानंच म्हणायचो.

मग शिफ्टला आहेरबाई आल्या.
भाषण नाही, शपथ नाही,
भिंतीवर सुविचारसुद्धा नाही.
एका सोमवारी फळा काढून नेला.
बाकं उचलली, दोन गोल टेबलं टाकली.
गोल टेबलाला टोक नसतं,
एकट्याला सरकवणार कुठं?
आणि दिवा लागला की त्या स्वतः चालत यायच्या,
विचारायच्या, "काय दिसलं?"
नऊ दिवस काहीच दिसलं नाही कोणाला.
दहाव्या दिवशी, थंडीनं बोटं वाकत नव्हती तेव्हा,
दिवा लागला.
तिडके.
पिवळी काडी दाखवावी तसा
स्क्रू चिमटीत धरून उभा,
कानापर्यंत लाल.

त्या महिन्यात एक्केचाळीस वेळा पट्टा थांबला.
माणसं तीच. पगार तोच.
सुमन तर गुणगुणायला लागली कामावर;
तिला गाता येतं
हे सात वर्षांत पहिल्यांदा कळलं.

पण वरच्या मजल्यावर कागदावर
एक्केचाळीस हा आकडा वाईट दिसला.
बाईंची बदली सिन्नरला.
काचेची केबिन मला.

तीन पायऱ्या चढून जावं लागतं.
खुर्ची फिरती आहे.
समोरच्या पडद्यावर उत्पादन हिरवं, थांबणं तांबडं.
खालची माणसं तिथून नुसती डोकी दिसतात,
कोणाचा भांग कुठून, एवढंच.
पहिल्याच सकाळी दिवा लागला
आणि माझ्या तोंडून निघालं,
"कोण आहे रे तो?"

फळा नव्हता. खडू नव्हता.
तरी खाली सगळ्यांचे हात
एक क्षण पट्ट्यावर थबकले.

रात्री घरी दूध उतू गेलं.
मी विचारलं, कोणी?
बायको म्हणाली, गॅसनं.
ती हसली. मीही हसलो,
जरा उशिरा.

आता मी दिवसातून दोनदा खाली उतरतो,
गोल टेबलापाशी बसतो.
चहा येतो. साखर किती, विचारतात.
पूर्वी कोणी विचारत नव्हतं.
तिडके म्हणतो, "बसा ना साहेब,"
आणि स्वतः उठतो.

काल शिफ्ट सुटल्यावर
पाय उंचावून दोरीच्या गाठीवरून बोट फिरवलं.
लागली
थोडी.